लेख आणि ताळा

शाळेंत गणित शिकलेल्या प्रत्येकाला दोन शब्द ठाऊक असतात : एक रीत आणि दुसरा ताळा. उत्तर बरोबर असलें, पण रीत लिहिलेली नसली, तर परीक्षक पुरे गुण देत नाहीं. यांत त्याचा कठोरपणा नसतो. नुसत्या उत्तरावरून तें मुलानें स्वतः काढलें, कीं शेजारच्या पाटीवरून उतरलें, कीं चुकून जुळलें, हें कळावयास मार्ग नसतो. रीत समोर असली म्हणजे पायरीपायरीनें मागें जातां येतें, आणि ताळा करून पाहिला म्हणजे मनाची खात्री होते. दहा वर्षांच्या मुलाकडून जी शिस्त मागितली जाते, ती मोठमोठ्या शास्त्रीय निबंधांकडून मात्र पुष्कळ काळ मागितली जात नव्हती. निबंधांत उत्तर छापलें जाई, रीत चार ओळींत सांगितली जाई, आणि प्रत्यक्ष आंकडेमोड लेखकाच्या टेबलाच्या खणांत, पुढें पुढें त्याच्या संगणकांत, राहून जाई. लेख आणि आंकडेमोड यांची ही फारकत मिटविण्यासाठीं गेल्या चाळीस वर्षांत कांहीं साधनें निघालीं आहेत. त्यांचा परिचय करून देणें हा या भाषणाचा हेतु आहे.

हीं साधनें करतात तरी काय, हें एका लहान उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका वर्गांतील पांच मुलांना ४०, ५५, ६२, ४८ आणि ७० गुण मिळाले. बेरीज २७५, सरासरी ५५. मुख्याध्यापकांच्या अहवालांत वाक्य आलें, 'वर्गाची सरासरी ५५ आहे.' तोच आंकडा खालच्या कोष्टकांत आला, आलेखाच्या शीर्षकांत आला आणि शेवटच्या निष्कर्षांतहि आला. दुसऱ्या दिवशीं पहिल्या मुलाची उत्तरपत्रिका पुन्हा तपासतांना त्याचे पांच गुण वाढले. बेरीज २८० झाली, सरासरी ५६ झाली. आतां अहवालांतील चारहि जागा दुरुस्त करावयास हव्यात. तीन होतात आणि एक राहते. जी राहते ती सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण वाक्य शुद्ध असतें, छपाई सुबक असते आणि आंकडा दिसावयास अगदीं निर्दोष असतो.

आतां अशी कल्पना करावी कीं, अहवाल लिहितांना त्या चार जागीं ५५ हा आंकडा लिहिलाच गेला नाहीं. त्याऐवजीं संगणकास उद्देशून एक आज्ञा लिहून ठेवली : 'गुणांच्या यादीची बेरीज कर, मुलांच्या संख्येनें भाग, आणि येणारें उत्तर येथें मांड.' अहवाल छापण्यापूर्वीं संगणक तो वरपासून खालपर्यंत वाचतो. साधीं वाक्यें तो आहेत तशीं ठेवतो. आज्ञा भेटली कीं ती पाळतो आणि तिचें उत्तर त्या जागीं बसवितो. यादींतील एक आंकडा बदलला कीं चारहि जागा एकदम बदलतात. वाचकाच्या हातीं येतो तो नेहमींसारखाच लेख. परंतु ज्याला शंका येईल त्याला मूळ प्रत उघडून प्रत्येक आंकड्यामागची आज्ञा वाचतां येते, आणि ती स्वतःच्या संगणकावर पुन्हा पाळून घेतां येते. म्हणजे लेखांतच रीत आणि लेखांतच ताळा.

ही कल्पना प्रथम ठळकपणें मांडली ती अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणिती डोनाल्ड क्नूथ यांनीं. १९८४ सालीं 'द कम्प्यूटर जर्नल' या नियतकालिकांत त्यांचा 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' हा निबंध प्रसिद्ध झाला. मराठींत त्याला 'साक्षर आज्ञालेखन' म्हणतां येईल. संगणकासाठीं लिहिलेल्या आज्ञांच्या मालिकेस प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात. तोंवरची समजूत अशी होती कीं, आज्ञावली ही यंत्रासाठीं लिहावयाची आणि तिच्या कडेला माणसासाठीं दोन शब्दांची टीप ठेवावयाची. क्नूथ यांनीं हा क्रम उलटा केला. आपण यंत्राकडून काय करवून घेणार आहोंत हें आधीं माणसाला समजावून सांगावें, सलग निबंधासारखें सांगावें, आणि त्या सांगण्याच्या ओघांतच यंत्राच्या आज्ञा गुंफाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

त्यासाठीं त्यांनीं 'वेब' नांवाची एक व्यवस्था तयार केली. लेखक एकच मजकूर लिहितो. तिच्यांतील 'वीव्ह' म्हणजे 'विणणें' हें उपकरण त्या मजकुरांतून माणसानें वाचावयाचा नीटनेटका लेख तयार करतें. 'टँगल' म्हणजे 'गुंता करणें' हें दुसरें उपकरण त्याच मजकुरांतून यंत्राला हव्या त्या क्रमानें आज्ञा वेंचून काढतें. यंत्राला जो गुंता सोयीचा, तो माणसाला नकोसा. म्हणून हीं दोन निराळीं उपकरणें. मूळ मात्र एकच, आणि सर्व मर्म या एकपणांत आहे. लेख एकीकडे आणि आज्ञावली दुसरीकडे अशा दोन प्रती असल्या कीं काळाच्या ओघांत त्या एकमेकींना पारख्या होतात. क्नूथ यांनीं हें स्वतः करून दाखविलें. गणिताचे ग्रंथ जुळविण्यासाठीं जगभर वापरली जाणारी 'टेक्' ही त्यांची आज्ञावली १९८६ सालीं चक्क पुस्तकाच्या रूपानें छापून निघाली. तींत चूक दाखवून देणाऱ्यास ते बक्षिसाचा धनादेश पाठवीत.

क्नूथ यांचा रोख आज्ञावली समजावून सांगण्याकडे होता. त्याच विद्यापीठांतील भूभौतिकीचे अध्यापक जॉन क्लेअरबाउट यांना अडचण भेटली ती दुसऱ्या टोकाकडून. भूगर्भांत सोडलेल्या लहरींच्या प्रतिध्वनींवरून तेथील विद्यार्थी जमिनीखालील थरांच्या आकृति काढीत. एखाद्या विद्यार्थ्यानें काढलेली आकृति दुसऱ्यानें कांहीं वर्षांनीं पुन्हा काढावयास घेतली, तर ती साधत नसे; कधीं कधीं ज्याची त्यालाहि ती पुन्हा साधत नसे. ज्ञान छापलें गेलें होतें, पण हातांतून निसटलें होतें. म्हणून क्लेअरबाउट यांच्या मंडळींनीं १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत असा परिपाठ पाडला कीं, प्रबंधांतील आकृतीबरोबर ती पुन्हा काढण्याचें साधनहि दिलें जावें. छापील निबंध हा संशोधनाचा केवळ दर्शनी भाग आहे. खरें संशोधन म्हणजे त्यामागचे आंकडे आणि आज्ञा, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा परिपाठ सर्वांच्या आटोक्यांत आला तो २००२ सालीं. त्या सुमारास संख्याशास्त्रज्ञांत 'आर' नांवाची, विनामूल्य मिळणारी संगणकभाषा रूढ होत होती. व्हिएन्ना येथील फ्रीडरिश लाइश यांनीं तिच्यासाठीं 'एस्‌वीव्ह' नांवाचें साधन पुढें आणलें. 'एस्‌' ही 'आर'ची पूर्वज भाषा, आणि 'वीव्ह' हा शब्द क्नूथ यांचाच. पुढें २०१२ च्या सुमारास यिहुइ शिए यांचें 'निटर' आलें. त्या नांवांतहि विणकामच आहे. विणकराच्या मागावर ताणा आणि बाणा एकमेकांत गुंतून वस्त्र होतें, तसें येथें शब्द आणि आज्ञा गुंतून लेख होतो. एक धागा ओढला तर दुसरा हालल्यावांचून राहत नाहीं.

हें सर्व विद्वानांच्या सोयीचें असेल, पण सामान्य माणसाचें त्यांत काय अडलें आहे, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याचें उत्तर अमेरिकेंतील एका प्रकरणानें दिलें आहे.

२००६ सालीं 'नेचर मेडिसिन' या प्रतिष्ठित नियतकालिकांत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचा एक निबंध आला. कर्करोगाच्या गांठींतील जनुकांची हालचाल मोजून त्या रोग्यास कोणतें औषध लागू पडेल हें आधींच सांगतां येतें, असा त्याचा दावा होता. कर्करोगाचीं औषधें किती तापदायक असतात हें ज्या घरांनीं पाहिलें आहे, त्यांना या दाव्याचें मोल सांगावयास नको. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रांतील डॉक्टरांनाहि ही पद्धति हवीशी वाटली. तिची नीट पारख करण्याचें काम तेथील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्ज या दोघा संख्याशास्त्रज्ञांकडे आलें.

दोघांनीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांवरून तेंच उत्तर काढून पाहिलें, तें येईना. छापलेली रीत अपुरी होती. त्यामुळें उत्तरावरून रीत हुडकीत मागें जाण्याचें किचकट काम त्यांना करावें लागलें. त्यांतून जें बाहेर आलें तें चौथीच्या मुलाच्या वहींत शोभावें असें होतें. जनुकांच्या यादींतील नांवें एका ओळीनें सरकलीं होतीं. म्हणजे एकाची मोजणी दुसऱ्याच्या नांवावर लागली होती. कांहीं औषधांच्या बाबतींत तर 'औषध लागू पडतें' आणि 'लागू पडत नाहीं' या दोन खुणांची अदलाबदल झाली होती. मधल्या काळांत, २००७ सालीं, या पद्धतीवर विसंबून प्रत्यक्ष रोग्यांवरील चांचण्या सुरू झाल्या होत्या. खुणांची अदलाबदल म्हणजे ज्या औषधाचा उपयोग नाहीं तेंच रोग्याच्या वांट्यास येण्याचा धोका.

बॅगर्ली आणि कूम्ब्ज यांचा सविस्तर निबंध २००९ सालीं प्रसिद्ध झाला. चांचण्या एकदां थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि अखेर २०१० सालीं कायमच्या बंद झाल्या. मूळ निबंध २०११ सालीं मागें घेण्यांत आला. पुढें २०१५ सालीं अमेरिकन सरकारच्या चौकशी कार्यालयानें त्या संशोधनांत खोटे आंकडे घातल्याचाहि निष्कर्ष काढला. परंतु बॅगर्ली आणि कूम्ब्ज यांनीं जो धडा घेतला तो लबाडीपुरता नव्हता. सर्वांत अधिक आढळणाऱ्या चुका याच सर्वांत साध्या असतात, आणि रीत झांकलेली असली कीं साधी चूकसुद्धां दिसत नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें. आपल्या गटाचा प्रत्येक अहवाल 'एस्‌वीव्ह' मध्येंच लिहिला जावा, असा नियम त्यांनीं घालून घेतला. दुसऱ्यांची रीत हुडकून काढतांना काय यातायात पडते हें ज्यांनीं भोगलें, त्यांनीं आपली रीत उघडी ठेवण्याचें ठरविलें, हें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे.

या साधनांचा दुसरा एक वंश आहे. त्याला 'नोटबुक' म्हणजे वही असें नांव पडलें आहे. आधीं सांगितलेल्या पद्धतींत लेख लिहावयाचा आणि मग तो विणून घ्यावयाचा, असे दोन टप्पे असतात. वहींत ते एक होतात. पडद्यावर एक चौकट शब्दांची, तिच्याखालीं एक आज्ञांची, आणि तिच्या लगेच खालीं आज्ञेचें उत्तर, मग तें संख्या असो, कोष्टक असो वा चित्र असो. लेखक लिहितां लिहितां विचारतो आणि विचारतां विचारतां लिहितो. १९८८ सालीं निघालेल्या 'मॅथेमॅटिका' या विकत मिळणाऱ्या आज्ञावलींत अशी वही होती. पुढें फर्नांडो पेरेझ या कोलंबियन तरुणानें कोलोरॅडो विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचा अभ्यास करीत असतां, २००१ सालीं, 'पायथन' भाषेसाठीं 'आयपायथन' हें साधन आरंभिलें. २०११ सालीं त्याला वहीचें रूप आलें, आणि २०१४ पासून तें 'ज्युपिटर' या नांवानें वाढलें. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांचीं नांवें त्यांत गुंफलीं आहेत. शिवाय गुरु ग्रहाचें इंग्रजी नांवहि त्यांत ऐकूं येतें, आणि तें मुद्दाम आहे. १६१० सालीं गॅलिलिओनें गुरूच्या चंद्रांचीं स्थानें रात्रीमागून रात्र आपल्या टिपणांत मांडलीं, आणि तीं निरीक्षणें व आकृति आपल्या विवेचनासह लगोलग छापून लोकांपुढें ठेविलीं. त्या टिपणवहीस केलेलें हें वंदन आहे.

अशा वहीचा सर्वांत देखणा उपयोग पुन्हा आकाशाच्याच कामीं झाला. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील 'लायगो' या जोड-वेधशाळेनें गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूर असलेलीं दोन कृष्णविवरें एकमेकांत मिसळलीं, त्याची ती लहर होती. ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ही वार्ता जाहीर झाली. निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या 'आयुका' संस्थेंतील शास्त्रज्ञहि होते, आणि महाराष्ट्रांत हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे. परंतु येथें सांगावयाची गोष्ट निराळी आहे. निबंधाबरोबरच लायगोनें मूळ आंकडे आणि ज्युपिटरची एक वही सर्वांसाठीं खुली केली. ती उघडून एकेक चौकट चालविली कीं यंत्राच्या कोलाहलांतून खरखर गाळली जाते, दोन्ही वेधशाळांच्या रेषा एकमेकींवर येऊन बसतात, आणि एकीपेक्षां दुसरीला लहर सुमारें ७ सहस्रांश सेकंद उशिरां पोंचली हें डोळ्यांना दिसतें. कांहीं चौकटी त्या लहरीचा ध्वनि करून देतात. सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याएवढा, खर्जांतून वर चढत जाणारा तो सूर एखाद्या शाळकरी मुलालाहि घरबसल्या काढून ऐकतां येतो.

उघड्या रीतीवर आक्षेपहि उघडपणें येतात. २०१७ सालीं कोपनहेगन येथील नील्स बोहर संस्थेंतील संशोधकांनीं तेच खुले आंकडे घेऊन शंका काढली कीं, दोन्ही वेधशाळांच्या खरखरीमध्येंच कांहीं साम्य उरलें आहे. लायगोच्या बाजूनें जें उत्तर आलें तेंहि केवळ शब्दांत नव्हतें. त्याच्या सोबत कोणालाहि चालवून पाहतां येईल अशी वही होती. पुढें लायगोबाहेरच्या संशोधकांनीं स्वतंत्रपणें आंकडे तपासले, तेव्हां मूळ निष्कर्ष टिकला. 'तुमच्या मतें' आणि 'आमच्या मतें' असा हा वाद राहिला नाहीं. कोणती पायरी कोणास मान्य नाहीं, हें बोट ठेवून दाखवितां येत होतें.

तथापि वही उघडी आहे म्हणजे ती बरोबरच चालेल, असें मानणें भाबडेपणाचें होईल. ब्राझील आणि अमेरिका येथील संशोधकांनीं लोकांनीं प्रसिद्ध केलेल्या सुमारें १४ लाख वह्या गोळा केल्या आणि त्यांतील चालविण्याजोग्या चालवून पाहिल्या. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उद्बोधक आहे. त्यांपैकीं अवघ्या २४ टक्के वह्या विनातक्रार शेवटपर्यंत चालल्या, आणि आधीं नोंदलेलेंच उत्तर पुन्हा दिलें तें केवळ ४ टक्के वह्यांनीं.

याचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. वहींतील चौकटी लेखक वाटेल त्या क्रमानें चालवितो. पांचवी आधीं, दुसरी मागून. कधीं एखादी चौकट चालवून पुसून टाकतो, पण तिचा परिणाम संगणकाच्या स्मरणांत राहतो. त्याच्यापुरतें उत्तर येतें. दुसऱ्यानें वरून खालीं चालविलें कीं येत नाहीं. कधीं ज्या सहायक आज्ञावलीवर वही अवलंबून असते तिची नवी आवृत्ति निघते आणि जुनी आज्ञा तिला कळेनाशी होते. कधीं मूळ आंकड्यांची यादीच सोबत दिलेली नसते. उपाय साधे आहेत. वही दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं संगणकाचें स्मरण कोरें करून ती पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एकदां क्रमानें चालवावी. वापरलेल्या आज्ञावलींच्या आवृत्तींची नोंद ठेवावी. मूळ आंकडे सोबत द्यावे. मोठ्यानें वाचून दाखविल्यावांचून निबंध द्यावयाचा नाहीं, अशी जी जुनी शिकवण आहे, तिचाच हा नवा अवतार म्हणावा.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. लेखांत गुंफलेली आज्ञा आंकडेमोड बरोबर असल्याची ग्वाही देते, आंकडे खरे असल्याची देत नाहीं. गुणांच्या यादींत मुळांतच ४० च्या जागीं ६० लिहिले असतील, तर संगणक त्या खोट्या यादीची अगदीं बिनचूक सरासरी काढून देईल. प्रश्नच चुकीचा विचारला असेल, तर चुकीच्या प्रश्नाचें निर्दोष उत्तर मिळेल. साधन प्रामाणिकपणा निर्माण करूं शकत नाहीं. तें अप्रामाणिकपणाला आणि निष्काळजीपणाला लपावयास जागा कमी ठेवतें, इतकेंच. पण हें इतकें थोडें नाहीं.

ताळा करणारा माणूस नेहमींच थोडा नकोसा वाटतो. पंगत उठल्यावर हिशेब मागणाऱ्याकडे लोक जसे पाहतात तसे त्याच्याकडे पाहतात. परंतु ताळ्याची खरी गरज ज्याला असते, त्याला तो स्वतः करतां येत नसतो. रुग्णालयांत खाटेवर पडलेल्या माणसाला जनुकांची यादी तपासतां येणार नाहीं. कोणतें औषध द्यावें हें सांगणाऱ्या निबंधांत एखादी ओळ सरकली आहे कीं काय, हें त्याच्या मुलाबाळांनाहि कळणार नाहीं. त्याची सारी भिस्त यावर असते कीं, कोठेंतरी कोणी अनोळखी माणसानें तो हिशेब पुन्हा करून पाहिला असेल. ह्यूस्टनच्या दोघांना त्यासाठीं जी वणवण करावी लागली, ती पुढच्या तपासणाऱ्यास करावी लागूं नये, एवढ्याचसाठीं उत्तराजवळ रीत लिहून ठेवावयाची.